राज्याचा वकील मतं देऊन का निवडायचा? तुम्ही विचारलंत म्हणून

नोव्हेंबरची निवडणूक जवळ आली की साताऱ्याहून फोनवर हा प्रश्न हमखास येतो. इथे नव्याने नागरिक झालेली आपली मंडळीही तोच विचारतात. ‘गव्हर्नर निवडता ते समजलं, पण राज्याचा वकीलसुद्धा मतं देऊन? कुठला वकील हुशार हे आपल्याला काय कळणार?’ आजवर प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत सांगत आले, आज एकदा नीट लिहून काढते.

मी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, लाउडन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) राहते. अध्यक्षाची निवडणूक झाली की पुढच्याच वर्षी आमच्याकडे अख्खं राज्य तीन पदांसाठी मत देतं: गव्हर्नर म्हणजे राज्याचा प्रमुख, लेफ्टनंट गव्हर्नर म्हणजे उपप्रमुख, आणि ॲटर्नी जनरल, म्हणजेच तुम्ही विचारता तो राज्याचा वकील. मतपत्रिका कागदाची असते. नावाशेजारचा लंबगोल काळ्या पेनाने भरायचा आणि कागद आपल्या हाताने यंत्रात सरकवायचा. एकाच खुणेत पक्षाला एकगठ्ठा मत देण्याची सोय नाही, त्यामुळे प्रत्येक पदापाशी वेगळं थांबावं लागतं. पहिल्या दोन पदांवर भरपूर चर्चा होते. २०२५ मध्ये तर हैदराबादेत जन्मलेल्या गझाला हाश्मी लेफ्टनंट गव्हर्नरपदासाठी उभ्या होत्या, मग काय विचारता! पण तिसऱ्या पदाचं नाव काढलं की जेवणाच्या टेबलावर सगळे गप्प होतात.

हा माणूस काय करत नाही ते आधी सांगते, कारण प्रचाराच्या जाहिराती पाहून कुणाचाही गैरसमज होईल. जाहिरातीत पोलिसांच्या गाड्या, लाल-निळे दिवे आणि ‘गुन्हेगारांचा कर्दनकाळ’ असा थाट असतो. प्रत्यक्षात चोऱ्या, मारामाऱ्या, खून यांचे खटले सहसा त्याच्याकडे नसतातच. ते त्या त्या काउंटीचा किंवा शहराचा, वेगळा निवडून आलेला सरकारी वकील चालवतो. ॲटर्नी जनरल हा राज्याचा वकील. अपिलात राज्याच्या बाजूने तो उभा राहतो, सरकारी खात्यांना कायद्याचा सल्ला देतो, विजेच्या दरवाढीच्या सुनावणीत ग्राहकांची बाजू मांडतो आणि लोकांना लुबाडणाऱ्यांच्या मागे लागतो.

या शेवटच्या कामाचा आमच्या ओळखीतल्या एका काकूंना अनुभव आला. छप्पर दुरुस्त करणारा आगाऊ पैसे घेऊन गेला तो फोनच उचलेना. या कार्यालयाच्या ग्राहक विभागाचा तक्रारअर्ज आम्ही दोघींनी बसून भरला. कराराची प्रत, चेकची प्रत, कुठल्या तारखेला काय बोलणं झालं, सगळं जोडलं. हे कार्यालय तुमचा खासगी वकील म्हणून काम करू शकत नाही, हेही तिथे स्पष्ट सांगितलेलं होतं. काकू जरा खट्टू झाल्या. पण कार्यालयाचं पत्र गेल्यावर त्या माणसाला कंठ फुटला आणि बरेचसे पैसे परत आले. काकूंनी तेव्हापासून हे पद मतपत्रिकेवर कोरं सोडलेलं नाही.

आता मुख्य मुद्दा. अशी कामं नेमलेला अधिकारीही करू शकतो, त्यासाठी मतं कशाला? माझं उत्तर असं, की कधीकधी राज्याच्या वकिलाला खुद्द गव्हर्नरासमोर उभं राहून ‘नाही’ म्हणावं लागतं. ज्याची खुर्ची गव्हर्नरच्या मर्जीवर आहे त्याला ते जड जातं.

याचं माझ्या मते सर्वांत मोठं उदाहरण मिसिसिपीचं. तंबाखूने आजारी पडलेल्या गरिबांच्या उपचारांवर राज्याचा अमाप पैसा खर्च झाला होता. तो सिगारेट कंपन्यांनी भरून द्यावा म्हणून तिथले ॲटर्नी जनरल माइक मूर यांनी १९९४ मध्ये खटला भरला. असा खटला भरणारं ते पहिलं राज्य. गव्हर्नर होते दुसऱ्या पक्षाचे कर्क फोर्डाइस. त्यांना हा खटला मुळीच पसंत नव्हता. तो थांबवावा म्हणून त्यांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने त्यांचं ऐकलं नाही, आणि मूर यांना घरी पाठवणं त्यांच्या हातात नव्हतं, कारण मूर यांना लोकांनी निवडलं होतं. मिसिसिपीने १९९७ मध्ये कंपन्यांशी स्वतंत्र तडजोड केली. १९९८ मध्ये ४६ राज्यांनी मिळून मोठा करार केला: २५ वर्षांत सुमारे २०६ अब्ज डॉलर, आणि वर जाहिरातींवर बंधनं. मूर गव्हर्नरने नेमलेले असते तर तो खटला पहिल्या वर्षीच गुंडाळला गेला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आमच्या राज्यातही या पदाची चुरस पाहण्यासारखी असते. २००५ मध्ये बॉब मॅक्डॉनल फेरमोजणीनंतर अवघ्या ३६० मतांनी आले. ते रिपब्लिकन, आणि त्याच दिवशी निवडून आलेले गव्हर्नर टिम केन डेमोक्रॅट. २०१३ मध्ये तर कहरच झाला. २२ लाखांवर मतं पडली आणि मार्क हेरिंग यांची आघाडी होती १६५ मतांची! त्याआधी मोजणी चालू असताना आघाडी कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला जात होती. आमच्या शेजारच्या फेअरफॅक्स काउंटीत तर काही टपाली मतं मोजायचीच राहिल्याचं उघड झालं. अखेर डिसेंबरात फेरमोजणी होऊन फरक ९०७ झाला.

पद हाती घेऊन दोन आठवडे होत नाहीत तोच हेरिंग यांनी जाहीर केलं, की समलिंगी विवाहाला बंदी घालणारं राज्यघटनेतलं कलम आपल्याला देशाच्या घटनेविरुद्ध वाटतं, तेव्हा न्यायालयात आपण त्याचा बचाव करणार नाही. केवढं वादळ उठलं! लोकांनीच मतदान करून घातलेलं कलम, त्याचा बचाव करायला राज्याच्या वकिलानेच नकार द्यायचा? त्याच वर्षी, २०१४ मध्ये, ऑक्टोबरपासून व्हर्जिनियात असे विवाह होऊ लागले. तो निकाल न्यायालयांचा, हे खरं. पण राज्य कुठल्या बाजूला उभं राहणार हे त्या ९०७ मतांनी ठरवलं होतं. मला तो निर्णय योग्य वाटला. ज्यांना तो पटला नाही त्यांनाही चार वर्षांनी जाब विचारायची संधी होती, आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते.

या पद्धतीत धोका आहे आणि तो मी लपवणार नाही. २०२५ मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल जेसन मियारेस यांच्याविरुद्ध जे जोन्स हे उमेदवार उभे होते. मतदान सप्टेंबरातच सुरू झालं होतं, आमच्याकडे ते पंचेचाळीस दिवस आधी सुरू होतं. ऑक्टोबरात जोन्स यांचे २०२२ मधले खासगी संदेश बाहेर आले. विधानसभेच्या तेव्हाच्या सभापतीला गोळ्या घालण्याची भाषा त्यांत होती. जोन्स यांनी माफी मागितली आणि ते निवडूनही आले. आमच्या घरात त्यावरून कडाक्याचे वाद झाले. कायद्याचं काम ज्याच्या हाती द्यायचं त्याच्या तोंडी ही भाषा चालते का, हा एक प्रश्न, आणि पुढची चार वर्षं राज्य न्यायालयात कुणाच्या बाजूने उभं राहावं, हा दुसरा. दोन्ही प्रश्नांना एकाच लंबगोलात उत्तर द्यायचं होतं. मी काय केलं ते माझ्यापाशी.

शिवाय व्हर्जिनियात उमेदवाराला कुणी किती देणगी द्यावी याला मर्यादाच नाही, आणि हे मला फार खुपतं. ‘आपल्याला काय कळणार’ असं विचारणाऱ्यांना म्हणूनच सांगते, की वकिलाची हुशारी मोजायला जाऊ नका, त्याला पैसे कुणी दिले ते बघा. व्हर्जिनिया पब्लिक ॲक्सेस प्रोजेक्टच्या संकेतस्थळावर देणगीदारांची नावं आणि रकमा मिळतात. मी चहा घेत तासभर तेच वाचते.

मग पुढचा प्रश्न येतोच: महाराष्ट्रातही महाधिवक्ता, म्हणजे तिथला राज्याचा वकील, निवडून आणावा का? मला तसं वाटत नाही. घटनेच्या १६५व्या कलमानुसार राज्यपाल त्यांची नेमणूक करतात. त्यांचं काम सरकारला सल्ला देण्याचं आणि सरकारची बाजू मांडण्याचं. स्वतःहून कंपन्यांवर खटले भरत सुटण्याचा अधिकार त्या पदाला नाही, तेव्हा निवडणूक घेऊन हाती काही लागणार नाही. घटनातज्ज्ञ एच. एम. सीरवाई १९५७ ते १९७४ त्या पदावर होते. संसदेला घटना कितपत बदलता येते हे ठरवणाऱ्या केशवानंद भारती खटल्यात केरळच्या बाजूने ते नामवंत वकील नानी पालखीवालांसमोर उभे राहिले. त्या तोडीचा माणूस गल्लोगल्ली मतं मागत फिरला असता असं मला वाटत नाही.

एक गोष्ट मात्र इथून जरूर घ्यावी. आमच्याकडे एखाद्या आमदाराने कायद्याचा प्रश्न लेखी विचारला की ॲटर्नी जनरल लेखी उत्तर देतो. ही अधिकृत मतं प्रसिद्ध होतात, कुणालाही वाचता येतात. महाराष्ट्रात महाधिवक्त्यांनी सरकारला काय सल्ला दिला ते सहसा फायलीतच राहतं. ती मतं लोकांना वाचायला मिळावीत, निदान ज्या सल्ल्यावर सरकारने जाहीर निर्णय घेतला तेवढी तरी.