आमची वाटचाल : नाव, पत्ता आणि फोन नंबर

आमचा धंदा मोटर रिवाइंडिंगचा. जळालेली मोटर आली की खोलायची, जुनं तांबं काढायचं, नवीन कॉइल भरायचं, वॉर्निश मारून बेक करायची, बेअरिंग बघायचं आणि टेस्ट करून परत द्यायची. सोबत पंपांची दुरुस्ती. मी, धाकटा भाऊ आणि हाताखाली कारागीर, एवढाच पसारा. सुरुवातीची बरीच वर्षं गिऱ्हाईक आणायचं काम वायरमन आणि प्लंबर लोकांनीच केलं, त्यांनी सांगितलं की माणूस मोटर घेऊन यायचा, त्यामुळे जाहिरात वगैरे भानगडीत आम्ही कधी पडलोच नाही.

मग हळूहळू काय व्हायला लागलं की वायरमनला विचारायच्या आधी लोक मोबाईलला विचारायला लागले. रात्री पंप बंद पडला की माणूस आधी सर्च करतो, सकाळी वायरमनला फोन करतो, आणि तोपर्यंत दुसऱ्या कोणाला तरी काम देऊन झालेलं असतं. आमची वेबसाइट होती, नाही असं नाही. पुतणीने कॉलेजात असताना बनवून दिलेली. आमचं नाव टाइप केलं की वर यायची पण आमचं नाव टाइप करणारा माणूस म्हणजे ज्याला आम्ही आधीच माहीत आहोत तो, त्याला वेबसाइटची गरजच काय. नवीन माणूस टाइप करतो 'मोटर रिवाइंडिंग' नाहीतर 'पंप रिपेअर जवळपास'.

हेच शब्द टाकून पुतणीने एकदा मला स्क्रीन दाखवली. सगळ्यात वर नकाशा आणि त्याखाली तीन नावं. त्याच्या खाली ओळीने डिरेक्टऱ्यांची, म्हणजे धंद्यांची नावं-नंबर यादीने देणाऱ्या साइटची, पानं, 'टॉप १० मोटर रिपेअर सर्व्हिस' वगैरे मथळ्यांची. आमच्यासारख्या छोट्या वर्कशॉपच्या स्वतःच्या साइट कुठेतरी खाली, दुसऱ्या तिसऱ्या पानावर. ती म्हणाली, "काका, या डिरेक्टरीच्या पानाला आपण मागे टाकू शकत नाही, पण त्या पानावर आत जाऊन बसू शकतो ना." मला विचाराल तर ऑनलाइन डिरेक्टरीचा अर्धा फायदा या एका वाक्यात आहे. आपली साइट वर चढायची तेव्हा चढेल, पण जे पान आधीच वर आहे तिथे आपलं नाव, फोटो आणि चालू फोन नंबर असला की काम झालं, गिऱ्हाईक कुठल्या दारातून आलं याचं आपल्याला काय.

उरलेला अर्धा फायदा जरा उशिरा समजला, तो पुढे सांगतो. आधी '५०० डिरेक्टरी सबमिशन' विकणाऱ्यांचा विषय संपवतो कारण धंदा चालवणाऱ्या प्रत्येकाला हे फोन येतातच. ५०० ठिकाणी तुमचं नाव टाकतो, बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या साइटवरून तुमच्या साइटकडे येणाऱ्या लिंक मिळतील, पहिल्या पानावर याल, गॅरंटी. आम्ही घेतलं नाही, आणि त्याला कारण आहे. एके काळी डिरेक्टरीला खरंच वजन होतं. याहूची सुरुवातच १९९४ मध्ये वेबसाइटची यादी म्हणून झाली, १९९८ पासून डीमॉझ नावाची डिरेक्टरी होती, तिथे माणसं बसून साइट बघायची आणि मग यादीत घ्यायची. अशा ठिकाणी नाव असणं म्हणजे कोणीतरी तपासून घेतलंय असा अर्थ होता, म्हणून सर्च इंजिनही त्या लिंकला मान द्यायचं. हे लक्षात आल्यावर फक्त लिंक विकण्यासाठी काढलेल्या डिरेक्टऱ्यांचं पीक आलं, कोणी वाचत नाही, कोणी तपासत नाही, नुसते फॉर्म. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने पेंग्विन नावाचा अपडेट आणला आणि असल्या लिंकांवर उड्या मारणाऱ्या साइट धडाधड खाली गेल्या. आजही गूगलच्या स्पॅमच्या नियमांत हलक्या दर्जाच्या डिरेक्टरीच्या लिंकांचा चक्क उल्लेख आहे. याहूची ती डिरेक्टरी २०१४ च्या शेवटी बंद झाली, डीमॉझ मार्च २०१७ मध्ये. ज्या जगात त्या ५०० सबमिशनला किंमत होती ते जग उठून गेलं, विकणारे मात्र अजून फोन करतायत.

शिवाय चांगल्या डिरेक्टऱ्याही बऱ्याचदा लिंकला नोफॉलो लावतात, म्हणजे सर्च इंजिनला सांगतात की या लिंकची हमी आम्ही घेत नाही. लिंकच्या ताकदीसाठी डिरेक्टरीत जाणं म्हणूनच मला पटत नाही. गिऱ्हाइकासाठी जा, आणि ओळख पक्की करायला जा.

ओळख पक्की करणं हाच तो दुसरा अर्धा. आम्ही वर्कशॉप हलवलं तेव्हा याचा खरा झटका बसला. नव्या जागेवर बोर्ड लागला, साइटवर पत्ता बदलला, सगळं सुरळीत, आणि एक दिवस एका गिऱ्हाइकाचा फोन, "अहो मी तुमच्या शटरसमोर उभा आहे, कुलूप आहे." टेम्पोत साडेसात एचपीची मोटर, सोबत दोन माणसं, आणि हे सगळे आमच्या जुन्या जागेसमोर. कुठल्याशा डिरेक्टरीत जुना पत्ता तसाच होता, आम्ही तिथे कधी नाव घातल्याचं आठवतही नव्हतं. त्या माणसाचा आवाज ऐकून भाऊ स्वतः गाडी घेऊन मोटर आणायला गेला.

त्यानंतर पुतणीने आमचा जुना फोन नंबर सर्चमध्ये टाकला आणि जे काय बाहेर आलं ते बघून मी गार. एका ठिकाणी नावात 'इलेक्ट्रिकल्स', दुसरीकडे 'इलेक्ट्रिक वर्क्स', तिसरीकडे नुसतंच 'मोटर रिपेअर'. एका लिस्टिंगवर, म्हणजे डिरेक्टरीतल्या आमच्या नोंदीवर, बंद पडलेला लँडलाइन. "काका, हा मोबाईल कोणाचा?" म्हणून तिने एक नंबर दाखवला, तो आमच्याकडून कधीच सोडून गेलेल्या कारागिराचा निघाला, म्हणजे इतके दिवस आमच्या नावाने येणारे फोन तो उचलत होता, आणि आता त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे. पुढचं तुम्हीच समजा!

एसईओवाले, म्हणजे साइट सर्चमध्ये वर आणायचं काम करणारे, याला नॅप म्हणतात, नेम, ॲड्रेस, फोन. सर्च इंजिन वेगवेगळ्या ठिकाणची माहिती जुळवून बघतं, सगळीकडे तेच नाव, तोच पत्ता, तोच नंबर दिसला की हा धंदा खरा आहे आणि इथेच आहे याचा भरवसा वाढतो. चार ठिकाणी चार गोष्टी दिसल्या की घोळ. कॉमा इकडे तिकडे झाला किंवा 'रोड'चं 'रस्ता' झालं तर आकाश कोसळत नाही, त्यावर तासन्‌तास घालवू नका. पण जुना नंबर, जुना पत्ता, वेगळंच नाव हे मात्र नडतं, सर्चला नडतं आणि त्याहून जास्त टेम्पोवाल्या गिऱ्हाइकाला नडतं.

पुतणीने एक्सेलची शीट केली. डिरेक्टरीचं नाव, लॉगिन कुठल्या ईमेलचं, तिथे नाव कसं दिसतंय, नंबर कुठला, कॅटेगरी काय, शेवटचं कधी बघितलं. दिसायला साधी पण आमच्या अख्ख्या ऑनलाइन कारभारात यापेक्षा कामाची वस्तू नाही. दुरुस्ती करताना क्रम ठरवला, आधी आपली वेबसाइट, मग गूगल, मग बिंग (मायक्रोसॉफ्टचं सर्च) आणि ॲपल, मग मोठ्या डिरेक्टऱ्या, छोट्या सगळ्यात शेवटी. कारण छोट्या डिरेक्टऱ्या मोठ्यांकडून माहिती उचलतात, खालून साफ करत गेलात तर वरून परत घाण वाहत येते. आमचा तो जुना लँडलाइन असाच काढल्यानंतर पुन्हा पुन्हा उगवायचा. डबल लिस्टिंग असेल तर नवीन तिसरी काढायची नाही, क्लेम करून, म्हणजे हे आमचंच आहे असं सिद्ध करून, एकत्र करायला सांगायचं किंवा बंद करून घ्यायची. लॉगिन हरवलं म्हणून नवीन लिस्टिंग काढणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट उपाय.

गूगलच्या प्रोफाइलबद्दल वेगळं बोलायलाच हवं कारण नकाशातली ती तीन नावं तिथूनच येतात. २०१४ मध्ये हे गूगल माय बिझनेस नावाने आलं, नोव्हेंबर २०२१ मध्ये नाव बदलून गूगल बिझनेस प्रोफाइल झालं, लोक अजून जीएमबीच म्हणतात, आम्हीही. गूगल स्वतः सांगतं की लोकल रिझल्ट तीन गोष्टींवर ठरतो, तुमचं काम शोधलेल्या शब्दांशी किती जुळतं, तुम्ही किती अंतरावर आहात आणि तुमचं नाव किती परिचित आहे. अंतर आपल्या हातात नाही. जुळणं बऱ्यापैकी आहे, आणि तिथे कॅटेगरी महत्त्वाची, एक मुख्य आणि जास्तीत जास्त नऊ जादा घेता येतात. म्हणून नऊच्या नऊ भरायच्या असं नाही. आम्ही फॅन, मिक्सरवाल्या कॅटेगऱ्या घेतल्या नाहीत, ते काम आम्ही करत नाही, उगाच फोन येतात आणि नाही म्हणावं लागतं. तिसऱ्या गोष्टीत, म्हणजे नाव परिचित असण्यात, डिरेक्टऱ्या, रिव्ह्यू, दुसऱ्या साइटवरचे उल्लेख हे सगळं येतं.

व्हेरिफिकेशन व्हिडिओने झालं. बाहेरचा रस्ता आणि बोर्ड दाखवायचा, मग आपणच मालक आहोत हे दिसेल असं काहीतरी, आम्ही शटरचं कुलूप उघडताना दाखवलं, मग आत कॉइल वाइंडिंग मशिन, तांब्याच्या तारेची रिळं, बेकिंग ओव्हन, आणि एका कोपऱ्यात भाऊ स्टेटरमध्ये स्लॉट पेपर भरत बसलेला. तो मान वर करायला तयार नाही, म्हणे कॅमेरा बंद कर आधी. व्हिडिओ एकसलग लागतो, एडिट केलेला चालत नाही, म्हणून त्याचं हे वाक्यही व्हेरिफिकेशनला गेलं.

नावाबाबत एक इशारा. बरेच जण प्रोफाइलच्या नावात 'बेस्ट मोटर रिवाइंडिंग पंप रिपेअर २४ तास' असली शेपटी जोडतात. त्याने थोडे दिवस वर दिसतातही, ते बघून आपला जीव जळतो. पण नियमाप्रमाणे बोर्डावर, बिलावर जे नाव आहे तेच लावायचं, कोणी तक्रार केली की नाव बदलतं नाहीतर प्रोफाइलच सस्पेंड होतं. आमचं नाव साधं आहे ते साधंच राहू दिलं. दुकान नसेल, तुम्हीच गिऱ्हाइकाकडे जाऊन काम करत असाल तर पत्ता लपवून फक्त सर्व्हिस एरिया दाखवायची सोय आहे, ती वापरा, खोटा पत्ता टाकू नका.

बिंगवर गूगलमधलीच माहिती इम्पोर्ट करता येते, ते पटकन उरकलं. ॲपलने जानेवारी २०२३ मध्ये बिझनेस कनेक्ट सुरू केलं, आयफोनचा नकाशा वापरणारे तिथे बघतात. साइटवर पुतणीने स्कीमाचा कोड टाकला, म्हणजे नाव, पत्ता, नंबर, वेळ हे मशिनला वाचता येईल अशा पद्धतीने लिहिलेलं. त्यातलं मला समजत नाही, ती म्हणाली टाकायचं, टाकलं.

बाकी डिरेक्टरी निवडताना आमची पद्धत सरळ आहे. आपल्या कामाचे शब्द सर्च करायचे, ज्या डिरेक्टऱ्या खरंच वर दिसतात त्या घ्यायच्या. तिथल्या आपल्या कॅटेगरीत खरे धंदे आहेत का बघायचं, का जुगाराच्या साइट आणि औषधांच्या जाहिराती भरल्यात. नंतर माहिती बदलता येते का, काढून टाकता येते का हे आधीच तपासायचं. आणि साइट ऑपरेटर लावून, म्हणजे सर्चमध्ये 'site:' आणि त्याला जोडून डिरेक्टरीचा वेब पत्ता टाकून, सर्च केलं की त्या डिरेक्टरीची पानं गूगलच्या इंडेक्समध्ये, म्हणजे त्याच्या नोंदीत, आहेत की नाहीत ते कळतं, नसतील तर तिथे नाव घालून उपयोग शून्य.

सगळ्यात भारी लिस्टिंग मात्र या जनरल डिरेक्टऱ्यांमधून मिळालं नाही. आम्ही ज्या पंप कंपनीचं सर्व्हिसिंग करतो तिच्या स्वतःच्या साइटवर सर्व्हिस सेंटरची यादी आहे, तिथे आमचं नाव लागलं. तिथून येणारा माणूस मॉडेल नंबर हातात घेऊनच फोन करतो, दराची घासाघीस नाही, फालतू चौकशी नाही. आपल्या व्यवसायाच्या संघटनेची सभासद यादी ऑनलाइन असेल तर तीही तशीच. लोक या जागा विसरतात आणि ५०० सबमिशनच्या मागे लागतात.

पैसे देऊन घेतलेल्या प्लॅनचं सांगायचं तर एका डिरेक्टरीचा घेऊन बघितला. तिथे आमच्या नंबरऐवजी त्यांचा व्हर्च्युअल नंबर दिसायचा आणि एकच चौकशी आमच्यासोबत आणखी कित्येकांना जायची. फोन करेपर्यंत गिऱ्हाईक वैतागलेलं, "अहो तुम्ही किती जण फोन करताय!" मुदत संपल्यावर प्लॅन वाढवला नाही, फुकटचं लिस्टिंग तेवढं ठेवलं. ज्यांच्या धंद्यात पहिला फोन करणाऱ्यालाच काम मिळतं त्यांना हे परवडत असेल. आमच्याकडे माणूस विश्वासाने मोटर सोडून जातो, त्यात अशी शर्यत चालत नाही.

गिऱ्हाईक नक्की कुठून येतंय हे मोजायला लिस्टिंगमधल्या वेबसाइटच्या लिंकला यूटीएम टॅग, म्हणजे लिंकच्या शेवटी जोडायच्या खुणा, लावलेत, त्यामुळे साइटवर कुठल्या डिरेक्टरीतून माणूस आला ते दिसतं. फोनचं तसं नाही, म्हणून जॉब रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवला, 'नंबर कुठून मिळाला'. यात एक गंमत आहे, वायरमन सोडला तर बाकी सगळे एकच उत्तर देतात, "गूगलवरून". डिरेक्टरीवरून आलेलाही गूगलवरूनच म्हणतो, त्याचं बरोबरच आहे, त्याने सर्च तिथेच केलेलं. म्हणून आता विचारतो, "नकाशावर दिसलो का यादीत?" तेवढं सांगतात लोक.

रिव्ह्यूसाठी बिलाच्या मागे क्यूआर कोड छापलाय. रिव्ह्यूच्या बदल्यात डिस्काउंट देत नाही, ते नियमातही बसत नाही. एकाने एक स्टार दिला होता, मोटर महिन्यात परत जळाली म्हणून. तिथेच उत्तर लिहिलं की व्होल्टेज कमी-जास्त होतंय, स्टार्टर बघून देतो, या. तो आला, स्टार्टरचा रिले खरंच गेलेला होता. स्टार त्याने बदलला नाही, पण दुसरे लोक ते उत्तर वाचून येतात, एकदोघांनी तसं सांगितलंय.

हे सगळं करून लगेच काही झालं नाही. बरेच महिने जैसे थे, मग नकाशात कधी दिसायचो कधी नाही, आता आमच्या भागातून शोधलं तर बहुतेक वेळा दिसतो, लांबून शोधलं तर नाही, आणि ते ठीकच आहे, तेवढ्या लांबून जड मोटर घेऊन कोण येणार. सध्या सबमर्सिबल पंपासाठी साइटवर वेगळं पान करायचं चाललंय, फोटो भावाकडे अडकलेत. आणि शीटमध्ये दोन लिस्टिंग अजून लाल, म्हणजे दुरुस्त व्हायची, आहेत, एकाचं लॉगिन त्या जुन्या कारागिराच्या ईमेलवर आहे, त्याला फोन कोणी करायचा यावर आमचं आणि भावाचं अजून ठरत नाहीये.