तुम्ही विचारलंत म्हणून: पैसे पोस्टात का अडकवले?

कारखान्यात नवीन लागलेल्या पोरांचा पहिला पगार झाला की कोणीतरी माझ्या टेबलाशी येतंच. मॅडम, तुम्ही अकाउंट्समध्ये, तुम्हाला आकडे कळतात, मग तुमचे पैसे पीपीएफ आणि एनपीएसमध्ये कसे? चांगला डिव्हिडंड देणारे शेअर का घेत नाही? (पीपीएफ म्हणजे पंधरा वर्षांची सरकारी बचत, एनपीएस म्हणजे निवृत्तीसाठीची योजना, आणि डिव्हिडंड म्हणजे कंपनी नफ्यातून भागधारकांना वाटते तो पैसा.) भाचाही तेच विचारतो. शेजारचे निवृत्त गुरुजीही विचारतात. (गुरुजींना जुनी पेन्शन आहे. त्यांचं विचारायला काय जातं!) आजवर हसून वेळ मारून नेली, आता एकदाच सांगते.

मला शेअरमधलं कळत नाही असं नाही. पाचशे टक्के डिव्हिडंड जाहीर झाला की पोरं नाचतात. तो टक्का दर्शनी किमतीवर, म्हणजे शेअरच्या कागदावरच्या मूळ किमतीवर असतो, बाजारभावावर नाही. दर्शनी किंमत २ रुपये असेल तर पाचशे टक्के म्हणजे १० रुपये, आणि शेअर ८०० चा असेल तर हातात सव्वा टक्का. शिवाय एक्स-डिव्हिडंडच्या दिवशी, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही त्या दिवशी, भाव साधारण तेवढ्यानंच खाली उघडतो. एप्रिल २०२० पासून हा डिव्हिडंड तुमच्या उत्पन्नात धरून त्यावर कर लागतो, पीपीएफच्या व्याजावर लागत नाही. आणि एनपीएस म्हणजे शेअरचा शत्रू नव्हे. त्यातलाही एक भाग शेअरमध्येच जातो, फक्त कुठले घ्यायचे ते फंड मॅनेजर ठरवतो, आणि मधेच हात लावायला फारसा वाव नसतो.

हे सगळं २०१३ सालीही मला माहीत होतं. (डिव्हिडंडवर तेव्हा आपल्याला कर नव्हता, एवढाच फरक.) तरी त्या वर्षी मी दोन्ही सुरू केलं. पोस्टात पीपीएफचं खातं, महिन्याला पाच हजार, पाच तारखेच्या आत, नाहीतर त्या महिन्याचं व्याज बुडतं. आणि डिमॅट, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, काढून हळूहळू शेअर, बहुतेक बँकांचे. पीपीएफला तेव्हा ८.७ टक्के होते. पण मी सगळ्यांना शेअरचंच कौतुक सांगायचे. पंधरा वर्षं कोण थांबणार? शेअर कसे, अडीअडचणीला कधीही विकता येतात.

कोणाच्या अडीअडचणीला, हे मात्र मी तेव्हा कधी विचारलं नाही.

माझ्या दिरांच्या दोन गाड्या होत्या. कास, ठोसेघर, महाबळेश्वर, पर्यटकांना फिरवायचे. २०२० चा मार्च आला आणि गाड्या दारात उभ्या राहिल्या. हप्त्यांना सवलत मिळाली होती, पण ती १ मार्चपासूनच्या हप्त्यांना. त्यांचे हिवाळ्यातलेच तीन थकलेले, ते कोण माफ करणार? फायनान्सवाल्यांचे फोन चालूच. मे महिन्यात एका संध्याकाळी सगळे जेवायला बसलो होतो. दीर मला काही म्हणाले नाहीत. सासूबाईच म्हणाल्या, "अगं, ते शेअरचे हायेत न्हवं?" सगळ्यांना माहीत होतं, कारण डिमॅटचं अ‍ॅप ह्यांच्या मोबाइलवर होतं आणि डिव्हिडंड जमा झाल्याचा मेसेज आला की हे तो चहाच्या वेळी मोठ्यानं वाचून दाखवायचे. त्या वर्षी तोही येणार नव्हता. बँकांनी डिव्हिडंड वाटू नये असं रिझर्व्ह बँकेनं एप्रिलमध्येच सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी शेअर विकले. बँकांचे भाव त्या महिन्यात काय होते ते ज्यांच्याकडे होते त्यांना विचारा. सात वर्षं घेतलेले, घेतल्या भावाच्याही खाली गेले. बटण ह्यांनीच दाबलं, मी शेजारी बसून होते.

तेवढ्यानं भागलं नाही. आठवड्यानं दीर स्वतः आले. ओट्यापाशी उभे राहिले, पाणी मागितलं, आणि म्हणाले, "वहिनी, ते पोस्टातलं काय निघंल का?"

मी म्हणाले, "भाऊजी, ते साठीशिवाय निघत नाहीत."

हे खोटं होतं. पीपीएफचा साठीशी काही संबंधच नाही. सातव्या आर्थिक वर्षापासून त्यातली काही रक्कम काढता येते, आणि माझं आठवं चालू होतं. चार वर्षांपूर्वीच्या शिलकीच्या निम्मे, म्हणजे सव्वा लाखाच्या वर, एका फॉर्मवर मिळाले असते. त्यांनी तपासलं नाही. घरात हिशेबाचं मी म्हणेन ते खरं, असंच होतं. "बरं बरं," म्हणाले, पेला विसळून पालथा घातला आणि गेले. दिवाळीच्या आधी एक गाडी विकली. दुसरीही पुढे गेली. आता ते दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत.

तुम्ही म्हणाल, सव्वा लाखानं गाडी वाचली असती का? मी हा हिशेब पुष्कळदा मांडलाय. थकबाकी भरली असती, पण पुढचे हप्ते कुठून येणार होते? धंदा दीड वर्ष नीट चालू झालाच नाही. कागदावर माझंच बरोबर येतं. पण हा हिशेब मी नंतर मांडला. ओट्यापाशी उभी असताना मी काही मांडत नव्हते, तिथे फक्त माझे पैसे वाचवत होते. त्याची मला लाज वाटते का? कधी वाटते. कधी वाटतं, मुलीच्या शिक्षणाचं आणि माझ्या म्हातारपणाचं कोण बघणार होतं? मला ना गुरुजींसारखी पेन्शन, ना माहेरची जमीन.

तर माझं उत्तर हे. शेअर वाईट आहेत म्हणून मी सोडले नाहीत. विकले त्यातल्या बहुतेकांचे भाव पुढे चांगलेच वाढले, आणि पीपीएफ एप्रिल २०२० ला ७.१ वर आला तो तिथून हललेला नाही. भाचा हे दर भेटीत ऐकवतो. त्याचं खरं आहे. पण त्याच्या तक्त्यात शेअर पंधरा वर्षं कोणी मागत नाही. माझ्या घरात मागतात.

पोरं मग महाराष्ट्र स्कूटर्सचं उदाहरण देतात. १९७५ ला निघालेली कंपनी, आपल्या साताऱ्याच्या एमआयडीसीत प्रिया स्कूटर बनायची. स्कूटर केव्हाच बंद झाल्या, पण कंपनीकडे बजाजच्या कंपन्यांचे शेअर आहेत, त्यांचा डिव्हिडंड तिला येतो आणि ती पुढे आपल्या भागधारकांना वाटते. ज्यांनी तेव्हा घेऊन ठेवले त्यांचं सोनं झालं, कबूल. पण ठेवले कोणी? मधल्या लग्नांना, विहिरींना, आजारपणांना ज्यांना विकावे लागले नाहीत त्यांनी. आमच्या सासऱ्यांनी तिथली स्कूटर घेतली होती. शेअर घेतले असते तरी नणंदेच्या लग्नात गेले असते, स्कूटर निदान वीस वर्षं चालली.

तुम्ही एकटे राहत असाल, पगारावर कोणाचा डोळा नसेल, तर घ्या शेअर, माझं ऐकू नका. मीही गेल्या वर्षापासून पुन्हा थोडे घेते. या वेळी अ‍ॅप माझ्या मोबाइलवर आहे आणि डिव्हिडंड जमा व्हायला वेगळं खातं दिलंय. ह्यांना ते माहीत नाही.

पीपीएफची मुदत ३१ मार्च २०२९ ला संपते. पाच वर्षं वाढवायची की काढून घ्यायचे, ते ठरलेलं नाही. दिरांची धाकटी त्याच सुमारास बारावी होईल. तिला नर्सिंगला जायचंय म्हणे, आणि फी किती असते ते मी आत्ताच चौकशी करून ठेवलंय. देईन असं म्हणत नाही.