पुण्यात बसून पाहिलेला रेबीजचा भाग

‘स्क्रब्ज’ ही अमेरिकी रुग्णालयातली विनोदी मालिका २००१ ते २०१० या काळात चालली. विनोदाच्या आवरणाखाली तिच्यातील निदाने बरीच काटेकोर असतात असे माझे मत. मात्र सध्या इंटर्नशिप करणाऱ्या माझ्या भाचीला ते मान्य नव्हते, कारण शीर्षकदृश्यात छातीचा एक्स-रे उलटा लावलेला आहे, हे तिच्या पहिल्याच दिवशी लक्षात आले होते.

गेल्या आठवड्यात आम्ही ‘माय लंच’ हा २००६ सालचा भाग पाहिला. अमली पदार्थांच्या अतिसेवनाने दगावली असे समजून एका स्त्रीचे अवयव तीन रुग्णांना बसवले जातात आणि मग कळते की तिचा मृत्यू रेबीजने झाला होता. तिघेही जातात, आणि त्यांच्यातील एक जण तर अवयवासाठी आणखी काही काळ थांबू शकला असता, ही जाणीव मालिकेतील वरिष्ठ डॉक्टर असलेल्या डॉ. कॉक्सला मोडून टाकते. हे कथानक लेखकांच्या कल्पनेतून आलेले नाही. २००४ साली टेक्सासमध्ये एकाच दात्याचे यकृत आणि दोन्ही मूत्रपिंडे मिळालेले तीन रुग्ण रेबीजने दगावले होते. प्रत्यक्षात लक्षणे दिसायला काही आठवडे लागले होते. मालिकेने तो काळ आकसून घेतला आहे, आणि वीस-बावीस मिनिटांच्या भागात तेवढी सूट द्यायला हवी.

अमेरिकेत माणसाला रेबीज होण्याच्या घटना वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असल्यामुळे तिथल्या प्रेक्षकाला ते निदान आकाशातून पडल्यासारखे वाटले असेल. रात्री साडेदहानंतर दुचाकीवरून घरी परतताना कोपऱ्यावरच्या कुत्र्यांच्या टोळीला पाहून पाय वर घेणाऱ्या पुणेकराला मात्र तसे वाटणे अवघड आहे. माझ्या वडिलांना लहानपणी पिसाळलेले कुत्रे चावले होते आणि मेंढीच्या मेंदूपासून बनवलेल्या जुन्या लशीची चौदा इंजेक्शने त्यांनी पोटात घेतली होती. त्या लशीचे उत्पादन आपल्याकडे २००४ च्या अखेरीस थांबले, म्हणजे टेक्सासची घटना घडली त्याच वर्षी. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातही पिसाळलेल्या प्राण्याच्या दंशानंतर पाण्याची भीती वाटू लागलेला रुग्ण आहे. आपल्याकडे हा आजार इतका जुना आणि इतका शेजारचा आहे.

म्हणूनच भाचीने भाग संपताच जाहीर केले, “मावशी, आपल्याकडे हे सुटलं नसतं. ताप आणि असंबद्ध बडबड दिसली की आम्ही नातेवाइकांना विचारतोच, कुत्रं चावलं होतं का?”

टेक्सासच्या त्या दात्याला वटवाघूळ चावले होते आणि ते त्याने ओळखीच्यांना सांगितलेही होते, पण ही गोष्ट डॉक्टरांपर्यंत पोहोचली ती सारे संपल्यानंतर. मी हे सांगितल्यावर भाची थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “वटवाघळाचं मी अजून कुणालाच विचारलेलं नाही.”