शेवटची गाडी लहान असते

आजोळी जाताना गाड्या लहान लहान होत जायच्या. दादरहून रेल्वे, चिपळूणला एसटी, आणि फाट्यावरून सहा आसनी रिक्षा, तिच्यात दहा जण. गाडी जितकी लहान तितकं घर जवळ, हे गणित तेव्हापासून डोक्यात बसलंय.

दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेनाला जाताना ते पुन्हा आठवलं. मुंबईहून आदिस अबाबा, तिथून जोहान्सबर्ग. दोन्ही विमानं ऐसपैस, आणि शेजारी कोण बसलंय याचा कुणाला पत्ता नाही. तिसरं मात्र छोटं एम्ब्रेअर. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन. मधली सीटच नाही. (मधल्या सीटवर जन्म काढलेल्यांना यातलं सुख कळेल.)

खरं तर इथे बोइंग ७३७ यायचं होतं. धावपट्टी त्याच हिशेबानं बांधलेली. पण एप्रिल २०१६मध्ये चाचणीसाठी ते उतरवलं आणि कड्यावरचा लहरी वारा नडला. २८.५ कोटी पौंडांच्या विमानतळाला वर्तमानपत्रांनी ‘जगातला सर्वांत निरुपयोगी’ ठरवून टाकलं. शेवटी ऑक्टोबर २०१७मध्ये नियमित सेवा सुरू झाली ती या धाकट्या विमानानं. तेही सगळं भरायचं नाही. वजन आवरायला सुरुवातीला ७६च माणसं. त्याआधी केप टाउनहून बोटीनं पाच-सहा दिवस लागत. नेपोलियनला १८१५ साली इंग्लंडहून दहा आठवडे लागले होते, पण त्याला काही घाई नव्हती.

वाटेत नामिबियात वॉल्व्हिस बेला इंधन भरतात. भरतात ते परतीचा विचार करून, कारण वाऱ्यानं उतरू दिलं नाही तर पुन्हा इथवर यावं लागतं. ओढ्याला पाणी आलं की आमची रिक्षाही फाट्यावरून हलायची नाही.

शेजारी बेटावरच्याच एक काकू होत्या. पायाशी नातीच्या शाळेच्या बुटांचा खोका. दर दहा मिनिटांनी वाकून बघायच्या. उतरताना विमान हिंदकळायला लागलं तसा त्यांनी खोका दोन्ही पायांत घट्ट धरला आणि हातानं माझं मनगट. चाकं टेकली, तरी मनगट काही सुटेना.

विमान थांबल्यावर खोक्याचं झाकण नीट करत त्यांनी विचारलं, “कोणाकडे उतरणार?”