आमची वाटचाल : खोलीतून वर्गात

शाळेतली ऑक्युपेशनल थेरपी असते ती मुलाला वर्गातलं बसणं, लिहिणं, वागणं जमावं म्हणून. पण ती म्हणजे झोके आणि रंगीत दिवे, असा समज कोल्हापुरात पसरवला गेला. शाळांना ही थेरपी देणाऱ्या आम्हाला त्याचा फटका बसला. 2019 च्या महापुरात शाहूपुरीतल्या गाळ्यात पाणी शिरलं, गाद्या गेल्या. पुढच्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. तेही निभावलं. शाळा उघडल्यावर मात्र बाहेरच्या एका कंपनीने तयार ‘सेन्सरी रूम’, म्हणजे झोक्या-दिव्यांची खोली, विकायला सुरुवात केली आणि आमच्या निम्म्याहून जास्त शाळा तिकडे गेल्या.

खोली मिळाली, थेरपिस्ट मिळाला नाही. चिडलेल्या पोराला झोक्यात घालून गरगर फिरवायचे. गरगर फिरलं की मूल आणखी चेकाळतं. शांत करायचं तर झोका संथ, एका लयीत, मागे-पुढे हवा. आणि हुक अडकवला होता फॉल्स सीलिंगच्या चौकटीला! 30 किलोचं पोरगं उंच झोका घेतं तेव्हा हुकावर वजनाच्या दुप्पट-तिप्पट ओढ येते.

आमचे हुक पहिल्यापासून उद्यमनगरातले मिस्त्री करतात. स्लॅबमधून आरपार बोल्ट, वर पोलादी प्लेट, खाली स्विव्हल, म्हणजे झोक्याबरोबर फिरणारी कडी. वरची फरशी काढावी लागते म्हणून शाळा कुरकुरतात, पण मिस्त्री ऐकत नाहीत. मूल शांत बसावं म्हणून मांडीवर ठेवायच्या वजनाच्या पिशव्याही त्यांच्याच घरी शिवल्या जातात. मुलाच्या वजनाच्या साधारण 5 टक्के, म्हणजे 30 किलोला दीड किलो. 15-20 मिनिटांनी काढायची. आत तांदूळ नको, धुता येत नाही आणि कीड लागते. प्लास्टिकचे दाणे भरा, कप्पे शिवा, नाहीतर सगळं वजन एका कोपऱ्यात जमतं. पिशवी प्रत्येकाला लागू पडत नाही. दोन आठवडे नोंद ठेवा, फरक नसेल तर बंद करा.

त्या काळात राजारामपुरीतल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी आम्हाला सोडलं नाही. त्यांच्याकडे तिसरीतला एक मुलगा मधल्या सुट्टीनंतर बाक ढकलायचा, मारामारी करायचा. सगळे गणिताच्या तासाला दोष देत होते. आधी काय घडलं, त्याने काय केलं, पुढे काय झालं, अशा नोंदी ठेवल्यावर मूळ सापडलं ते जिन्यातल्या रेटारेटीत. मग घंटेच्या 5 मिनिटं आधी त्याला वह्यांचा गठ्ठा वर न्यायचं काम दिलं, वर्गात भिंतीला हात टेकून 10 जोर, आणि बाकाच्या पायांना रबरी पट्टा, पायाने ताणायला. महिन्याभरात बाक जागेवर राहू लागला.

नव्याने या कामात येणाऱ्यांना सांगतो: शांत कोपरा शिक्षेचा होऊ देऊ नका. मूल भडकलेलं असताना समजावत बसू नका. कमी बोला, थोडं लांब थांबा. ‘नीट वागलास तरच ब्रेक’ ही अट बाईंना घालू देऊ नका, कारण वागणं बिघडतं त्याच दिवशी ब्रेक जास्त लागतो.

गेलेल्यांपैकी काही शाळा परत आल्या. आता करारात पहिली अट हीच: थेरपिस्ट दर आठवड्याला वर्गात बसणार आणि वर्गशिक्षकांना थेरपिस्टशी बोलायला वेगळी 20 मिनिटं मिळणार. ती मान्य नसेल तर आम्ही हुकसुद्धा लावत नाही.