आमची वाटचाल : दापोलीचं दुकान आणि घरोघरचं नेट

आमचं दुकान मुळात कॉम्प्युटर दुरुस्तीचं. नेटची कामं अधूनमधून यायची. २०२० मध्ये लॉकडाऊनला चाकरमानी लॅपटॉप घेऊन गावी आले, आणि ३ जूनच्या निसर्ग वादळाने खांब, माड, केबल सगळंच आडवं केलं. तेव्हा जी घरोघर वायरिंगची कामं लागली, ती आजपर्यंत थांबलेली नाहीत.

गिऱ्हाइकाचा ठरलेला प्रश्न : "गिगाबिट राउटर आणि कॅट-६ केबल टाकली की स्पीड वाढेल ना?" गिगाबिट म्हणजे १००० एमबीपीएस (नेटच्या वेगाचं माप), आणि कॅट-६ ही नेटच्या केबलची वरची जात. आम्ही आधी प्लॅन विचारतो. ५० एमबीपीएसचा असेल तर राउटरचा १०० चा जुना पोर्टसुद्धा (केबल खोचायची जागा) भरपूर झाला. कितीही भारी केबल ओढा, ५० चे ६० होत नाहीत. प्लॅन २०० चा आणि पोर्ट १०० चा असेल, तर मात्र आकडा ९४-९५ ला अडतो. तिथे राउटर बदलाच.

हर्णैच्या एका होमस्टेत प्लॅन ३०० चा, राउटर नवा, तरी आकडा ९४. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. खाऱ्या हवेने जॅकमधली एक पिन गंजली होती, म्हणून राउटर आपला मुकाट १०० वर उतरला होता. जॅक बदलला, संपलं. मालकांनी नव्या राउटरची तयारी ठेवली होती!

घरात कॅट-६ च्या खालची कॅट-५ई केबल पुरते; १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते. फक्त तांबं अस्सल हवं. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची स्वस्त केबल आम्ही दुकानात ठेवतच नाही.

बाकी 'नेट स्लो'च्या बहुतेक तक्रारी वायफायच्या निघतात. चिऱ्याच्या जाड भिंती; राउटर ओटीवर आणि मुलगी माजघरात ऑनलाइन परीक्षेला बसलेली. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल दोन भिंतींतच दमतो. अशा घरात केबल खरंच कामाला येते : ती माजघरापर्यंत न्यायची, तिथे दुसरा अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा आणखी एक डबा, बसवायचा.

म्हणून कुठलाही माल विकण्याआधी आम्ही नेट कंपनीच्या डब्याला लॅपटॉप थेट केबलने जोडून स्पीड बघतो. तिथेच कमी आला तर कंपनीला फोन करा, आमच्याकडून काही घेऊ नका. तपासणीचे पैसे मात्र लावतो. केळशीपर्यंत जायचं तर पेट्रोल लागतं.