कोरी बाजू

चित्राचे पोस्टकार्ड हातात आले की मी ते आधी उलटे करतो. ही खोड लहानपणची आहे. आमच्या घरी १५ पैशांचे पिवळसर कार्ड यायचे, तेव्हा पोस्टमनकाका फाटकातूनच त्यातली बातमी सांगून मोकळे होत, कारण वाटेत त्यांचे वाचून झालेलेच असे. आणि आजी मजकुराकडे वळण्याआधी कार्डाचा कोपरा फाडलेला नाही ना, एवढे पाहून घेई. कार्ड म्हणजे चारचौघांनी वाचायचे पत्र, हे तेव्हापासून मनात पक्के बसले आहे.

गेल्या नोव्हेंबरात भाचीकडे पॅरिसला असताना, पाऊस चुकवायला म्हणून आम्ही पासाज दे पानोरामात शिरलो. काचेच्या छपराखालच्या या जुन्या गल्लीत टपालाची तिकिटे आणि जुनी कार्डे विकणारी दुकाने आहेत. मी सवयीने मागच्या बाजू वाचत एकेका खोक्यातून पुढे सरकत होतो. फ्रेंच मला अर्धेमुर्धेच कळते. पण ‘आम्ही बरे आहोत, पाऊस थांबत नाही’ हा मजकूर कोणत्याही भाषेत ओळखता येतो. १९०३ सालापर्यंत फ्रान्समध्ये मागच्या बाजूवर केवळ पत्ताच लिहायचा असे, त्यामुळे त्याआधीची माणसे सगळी ख्यालीखुशाली चित्रावरच कोंबत. एका नटीच्या घेरदार झग्यावर कोणीतरी आपल्या पडशाची हकीकत लिहून ठेवली होती. मग एकाएकी कोरी कार्डे लागू लागली. एक, दोन, दहा. सुलटी केली तेव्हा उमगले की मी विवस्त्र स्त्रियांच्या खोक्यात येऊन पोचलो आहे, आणि भाची शेजारीच उभी आहे.

या कार्डांची गंमत अशी की माप पोस्टकार्डाचे, ९ बाय १४ सेंटिमीटर, मागे पत्त्याच्या रेघाही आखलेल्या. पण ती उघडी पेटीत टाकायची सोय नाही. पाठवायचीच तर पाकिटात घालून. सेनेटर रने बेरांजे यांच्यासारखी माणसे रस्त्यावरच्या अश्लीलतेमागे हात धुऊन लागलेली होती. पॅरिसकरांनी त्यांचे नावच ‘पेर ला प्युदर’ पाडले होते, म्हणजे आपल्या भाषेत सोवळेबुवा. त्यांच्यापासून बचाव म्हणून कलेचा आडोसा घेतला जाई. १९०४ मध्ये निघालेल्या ‘एत्युद आकादेमिक’ या नियतकालिकातली विवस्त्र छायाचित्रे म्हणे चित्रकारांच्या अभ्यासासाठी असत. हा बहाणा अगदीच पोकळ नव्हता, कारण दलाक्र्वासारख्या चित्रकाराने १८५० च्या दशकात अशा छायाचित्रांवरून खरोखरच रेखाटने केली होती. पण एवढे अभ्यासू चित्रकार पॅरिसमध्ये तरी कुठून असणार? पुढे महायुद्धात ही कार्डे खंदकांतल्या शिपायांच्या खिशांत जाऊन बसली.

मी हातात धरलेले कार्ड झां आजेलू या छायाचित्रकाराचे होते, कोपऱ्यात ‘जे. ए.’ ही अक्षरे होती. गालिचा, रंगवलेला पडदा, आरसा, सगळा सरंजाम ठरलेला. अंगावरची लव काचेच्या निगेटिव्हवरच पुसून टाकल्यामुळे बाई संगमरवरी दिसत होती, आणि छापून झाल्यावर कोणीतरी हाताने तिच्या गालांना गुलाबी रंग लावला होता. दुकानदार म्हणाला, ही फेर्नांद. आजेलूची ही लाडकी मॉडेल संग्राहकांना याच नावाने ठाऊक आहे. छायाचित्रकाराची आद्याक्षरे कार्डावर आहेत, तिचे नाव मात्र नाही, हे मला खटकले. मोहक वगैरे म्हणतात, तशी ती मला काही वाटली नाही. ती सरळ समोर पाहत होती, आणि त्या नजरेत, चुलीवर दूध ठेवून आलेल्या बाईच्या चेहऱ्यावर असते, तशी घाई होती. ‘झाले का तुमचे?’ असे ती शंभर वर्षांपूर्वी त्या आजेलूला विचारत असावी. मला उगाच वाटले की मलाही.

मी कार्ड खोक्यात परत सारायला लागलो, तेव्हा भाची म्हणाली, “अरे मामा, घे की, त्यात काय एवढं!” दुकानदाराने ते माझ्या हातून घेतले आणि मी काही न सांगताच एका तपकिरी पाकिटात घातले.

बाहेर पाऊस थांबला नव्हता. माझी खोड भाचीला चांगली ठाऊक आहे.

“मामा, मागे काय लिहिलंय?”

“पेन्सिलीने २०,” मी म्हणालो. “युरो.”